प्रेअरीची माणसं – भाग ६ : अर्ध्या मैलाचं अंतर

मागच्या भागात रिबेका विंटर्सच्या थडग्याची हकीकत आली होती. १८५२ साली गाड्यांच्या तांड्यासोबत पश्चिमेकडे जाताना पटकीनं वाटेतच दगावलेली ही बाई नेब्रास्कात पुरली गेली. गाडीच्या चाकाची लोखंडी धाव जमिनीत रोवून तिच्यावर नाव कोरलं होतं, म्हणून तिचा ठाव पुढं लागला. ती वाटसरू होती. तांड्याला पुढं जाणं भाग होतं, तेव्हा तिचं थडगं एकटं पडलं यात नवल नाही. पण त्यानंतर दहा-वीस वर्षांनी याच मुलखात जे कायमचे राहायला आले, ज्यांनी घरं बांधली, विहिरी खणल्या, जमीन कसली, त्यांची थडगीही अशीच विखुरलेली का? मक्याच्या शेतामधे कुंपणात दोन-चार दगड, आणि आसपास गाव नाही, देऊळ नाही, वस्ती नाही. वादळं, दुष्काळ, रोगराई ही कारणं खरीच आहेत. पण आधी बघायला हवी ती जमिनीची मोजणी.

२० मे १८६२ला अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी १८६३पासून तो अमलात आला. कुटुंबाचा कर्ता असलेल्या किंवा एकवीस वर्षं पूर्ण केलेल्या नागरिकाला, तसंच नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेल्यालाही १६० एकर सरकारी जमीन मिळणार होती. सगळी फी मिळून खर्च १८ डॉलर. मुख्य अट मात्र जबर : त्या जमिनीवर घर बांधून पाच वर्षं राहायचं आणि ती कसायची. मग मालकीपत्र हातात. पुढच्या सव्वाशे वर्षांत अशी सुमारे सोळा लाख मालकीपत्रं दिली गेली.

आता नकाशा पाहा. सरकारी मोजणीदारांनी सगळा मुलूख सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशा चौकटींत आखला होता. एका चौकटीत छत्तीस चौरस मैल. प्रत्येक चौरस मैलाचे चार तुकडे, आणि एक तुकडा म्हणजे १६० एकर, ज्याची प्रत्येक बाजू अर्धा मैल. राहायचं तर आपल्याच तुकड्यावर. म्हणजे शेजारचं घर साधारण अर्धा मैल तरी लांब, आणि मधले तुकडे रेल्वे कंपनीचे किंवा कुणी न घेतलेले असतील तर दोन-तीन मैल. आपल्याकडे गावठाण एकीकडे आणि शिवार भोवती असतं. माणूस दिवसभर रानात राबतो, पण अंधार पडला की वस्तीत असतो. युरोपातून आलेल्या कितीतरी शेतकऱ्यांची सवयही अशीच होती. रशियातून आलेल्या मेनोनाइट पंथाच्या लोकांनी १८७४ साली कॅन्सासमधे ग्नाडेनाउ नावाचं गाव त्या जुन्या पद्धतीनं वसवून पाहिलं. एका रस्त्याच्या कडेला घरं, मागं शेताच्या लांब पट्ट्या. थोड्याच वर्षांत ती रचना मोडली. सरकारी चौकट जुन्या सवयीपेक्षा बळकट ठरली.

या चौकटीत शाळांसाठी सोळाव्या आणि छत्तिसाव्या क्रमांकाचे चौरस मैल राखून ठेवले होते. ही दूरदृष्टी खरोखरच मोठी. मेलेल्यांसाठी मात्र तशी कुठलीच राखीव जागा नव्हती. तेव्हा पहिल्या वर्षांत घरात कुणी गेलं, तर त्याला आपल्याच १६० एकरांत, जरा उंचवट्यावर पुरायचं.

माणसं मरत होती ती कशानं? झाडच नसलेल्या या मुलखात घरही मातीचं. गवताच्या मुळांनी घट्ट विणलेल्या मातीचे लांब ठोकळे नांगरानं कापून, विटांसारखे रचून भिंती उभ्या करायच्या. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार, पण पावसात दोन-दोन दिवस छत गळत राहायचं. जळण म्हणून बायसनच्या वाळलेल्या शेणाचे गोळे. पठारावर पाणी इतकं खोल की नेब्रास्कातल्या कस्टर काउंटीत काही विहिरी दोनशे फुटांच्या आसपास गेल्या, आणि त्या हातानं खणायच्या. दरड कोसळून, दोर तुटून माणसं त्यात गेली. १८७४च्या उन्हाळ्यात टोळधाड आली, तिनं उभं पीक तर खाल्लंच, अवजारांचे घामानं मुरलेले लाकडी दांडेही कुरतडले. बाळंतपणात बाया जात. आणि लहान मुलांच्या मागं घटसर्प लागलेला. त्यावरचं प्रतिविष १८९०नंतरच्या दशकात आलं. तोवर एकाच घरातली तीन-चार भावंडं काही दिवसांच्या अंतरानं गेल्याचं दगडांवरच्या तारखा सांगतात. शवपेटीला फळ्या मिळत नसत, मग गाडीच्या फळ्या उचकटायच्या. संसर्गाच्या भीतीनं शेजारी येत नसत, तेव्हा खड्डाही बापानंच खणायचा.

पण त्या अर्ध्या मैलाचा खरा अर्थ उघड झाला तो १२ जानेवारी १८८८ला. नेब्रास्का आणि डकोटात सकाळ त्या दिवसांच्या मानानं उबदार होती. मुलं जाड कोट न घालता शाळेत गेली, माणसं गुरं सोडून रानात गेली. मग वायव्येकडून हिमवादळ कोसळलं. पिठासारखा बारीक बर्फ, हात पुढं केला तर दिसेना, आणि पारा झपाट्यानं खाली. कित्येक ठिकाणी शाळा सुटायची वेळ होती. वस्ती एकत्र असती तर मुलं भिंतीला धरून घरी पोचली असती. इथं शाळा आणि घर यांच्यामधे मोकळं माळरान होतं. मृतांचा नेहमी दिला जाणारा अंदाज २३५चा आहे, आणि त्यात शाळकरी मुलं बरीच. म्हणून ते वादळ आजही शाळकरी मुलांचं वादळ म्हणूनच ओळखलं जातं. गोठलेल्या जमिनीत कुदळ चालत नाही. त्या हिवाळ्यात अनेकांना पुरण्यासाठीही थांबावं लागलं असणार.

या आयुष्याचा सगळ्यात मोठा चित्रसंग्रह सॉलोमन बुचर या माणसाचा. स्वतः शेतीत अपयशी ठरलेला बुचर १८८६पासून कस्टर काउंटीत घोडागाडीतून फिरत कुटुंबांचे फोटो काढू लागला. एका बाईला आपलं मातीचं घर माहेरच्यांना दिसायला नको होतं, म्हणून तिनं घरातली हवेवर वाजणारी मोठी पेटी अंगणात आणून तिच्याशेजारी फोटो काढवून घेतला. मला मात्र १८८७चा एक फोटो विसरता येत नाही. अँड्र्यूज कुटुंब आपल्या लहानग्याच्या थडग्याभोवती उभं आहे. मागं खडबडीत उतार, जवळपास घर नाही. इतर लोक आपली गुरं, गाड्या, कलिंगडं समोर मांडून फोटो काढवत होते. यांनी हे थडगं निवडलं. आपलं कुटुंब दाखवायचं तर हे मूलही त्यात हवं, इतकंच त्यांच्या मनात असावं असं मला वाटतं.

फोटो काढला नसता तर खूण तरी किती टिकली असती? दगड जवळपास मिळत नव्हता. लाकडी फळी कुजायची किंवा गवताच्या वणव्यात जळायची. आणि माणसंही टिकली नाहीत. नांगर चालला की पाऊस मागोमाग येतो, असं सांगून लोकांना कोरड्या पश्चिमेकडे ओढलं गेलं होतं. १८९० आणि १८९४च्या दुष्काळांनी ते खोटं पाडलं. घरं ओस पडली, जमिनी विकल्या गेल्या, नव्या मालकाला तो उंचवटा काय आहे हे माहीत नव्हतं. काहींनी जाण्याआधी आपली माणसं उकरून चर्चच्या दफनभूमीत हलवली. पुढं चेक, स्वीडिश, जर्मन वस्त्यांनी आपापली चर्चं उभी केली तेव्हा दफनाला सामायिक जागा मिळाली. तोवरची थडगी शेतात राहिली ती राहिलीच.

याच नेब्रास्कात, याच काळात, आणखी एका बापाला मुलगा पुरायचा होता. पॉन्का या मूळनिवासी जमातीच्या लोकांना १८७७ साली नायोब्रारा नदीकाठच्या त्यांच्या भूमीतून हुसकून दक्षिणेला इंडियन टेरिटरीत नेलं गेलं आणि तिथं ते आजारानं पटापट मरू लागले. त्यांचा प्रमुख स्टँडिंग बेअर यानं मरणाऱ्या मुलाला शब्द दिला होता की तुला आपल्या नदीकाठीच पुरेन. जानेवारी १८७९मधे सुमारे तीस माणसांसह तो मुलाच्या अस्थी घेऊन थंडीतून उत्तरेला निघाला. सैन्यानं त्याला अटक केली. ओमाहाच्या न्यायालयात सरकारचं म्हणणं होतं की कायद्याच्या नजरेत इंडियन, म्हणजे मूळनिवासी, ही व्यक्तीच नाही, तेव्हा त्याला दाद मागता येत नाही. १२ मे १८७९ला न्यायमूर्ती डंडी यांनी ते फेटाळलं आणि त्याला मुक्त केलं. त्यानंतर त्यानं मुलाला नायोब्राराकाठी पुरलं.

नवख्या माणसाला अठरा डॉलर आणि पाच वर्षांत जमीन देणारं सरकार तेच, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहिलेल्याला मुलापुरती जागाही नाकारणारं सरकारही तेच. शेतातल्या त्या दगडांखाली झोपलेल्यांनी सोसलं ते कमी नव्हतं, आणि ते लिहिताना माझं मन त्यांच्याकडेच ओढ घेतं. तरी ती जमीन रिकामी कशी झाली, हे त्यांच्या हकिकतीतून वगळता येत नाही.

पुढच्या भागात कॅन्सासमधलं निकोडेमस : गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी १८७७ साली वसवलेलं गाव.