वोनोचोलोच्या विहिरी कुणाच्या?

तेल, कोळसा किंवा वीज जिथे तयार होते तिथल्या खेड्यांबद्दल लिहायचं म्हटलं की ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण हाताशी तयारच असते. इंडोनेशियाच्या पूर्व जावा प्रांतातला बोजोनेगोरो जिल्हा तर या म्हणीसाठीच घडवल्यासारखा वाटतो. इतिहासकार सी. एल. एम. पेंडर्स यांनी 1900 ते 1942 या काळातल्या या जिल्ह्यावर जे पुस्तक लिहिलं, त्याच्या शीर्षकातच हटता न हटणाऱ्या दारिद्र्याचा उल्लेख आहे. त्याच वर्षांत या परिसरातून डच कंपन्या तेल उपसून नेत होत्या. आज याच जिल्ह्यातलं बान्यू उरिप हे देशातल्या सर्वात मोठ्या तेलक्षेत्रांपैकी एक आहे, आणि जिल्ह्यातल्या गरिबीचं प्रमाण तरीही प्रांताच्या सरासरीहून जास्तच. पण जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, केदेवान तालुक्यातल्या सागाच्या जंगलात वोनोचोलो नावाचं एक गाव आहे आणि तिथे ही म्हण अडखळते. इथे तेल कंपनी काढत नाही, गावकरी काढतात. हे गाव गरीब राहिलं असेल, घाणेरडं झालं असेल, पण उपाशी प्रेक्षक मात्र नाही. सरकारने या गावाकडे कधी चोर म्हणून पाहिलं, कधी प्रेक्षणीय स्थळ म्हणून. उत्पादक म्हणून कधी पाहिलं नाही. वोनोचोलोच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ मला यात दिसतं.

गावकऱ्यांच्या हाती तेल आलं याचं पहिलं कारण भूगर्भात आहे. मायोसीन काळातल्या सागरी खडकांच्या एका थराला भूवैज्ञानिकांनी या गावाचंच नाव दिलेलं आहे. या टापूत खडकांचे थर कमानीसारखे वर उचलले गेले आणि तेल त्या कमानीच्या माथ्याशी, जमिनीपासून काहीशे मीटरवरच साचून राहिलं. आद्रियान स्टूप या डच अभियंत्याने 1887 मध्ये स्थापन केलेली कंपनी पुढच्या दशकात इथून जवळच्या चेपूच्या परिसरात उतरली, तिथे तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहिला आणि 1911 मध्ये ती रॉयल डचच्या गोटात गेली. 1942 मध्ये जपानी फौजा आल्या, डच गेले, विहिरी मात्र जागच्या जागी राहिल्या. गावकऱ्यांनी त्या एकेक करून पुन्हा उघडल्या. आधी दोर माणसांनी ओढला, मग जुन्या ट्रकची इंजिनं आली. सागाच्या खांबांची तिकाटी, तिच्या माथ्यावर कप्पी, कप्पीवरून विहिरीत उतरणारी पोलादी तार आणि तारेच्या टोकाला तळाशी झडप असलेली लांब नळी. बैलांच्या जागी इंजिन जुंपलेली मोटच ती. वर येतं ते निखळ तेल नसतं, बरंचसं खारं पाणीच असतं. ते खड्ड्यात ओतून स्थिर होऊ द्यायचं, वर तरंगलेलं तेल वेगळं करायचं आणि पाणी सोडून द्यायचं. काही तेल गावातच भट्टीवर तापवून त्याचं ओबडधोबड डिझेल होतं. भट्ट्यांचा हा बेकायदा धंदा का फोफावला, याचं उत्तर भट्टीत नाही, तेलाच्या हिशेबात आहे.

इंडोनेशियाच्या राज्यघटनेचं 33वं कलम सांगतं की भूमी, पाणी आणि त्यांच्या पोटातली संपत्ती राज्याच्या ताब्यात असेल आणि जनतेच्या जास्तीत जास्त समृद्धीसाठी वापरली जाईल. या वाक्याच्या पूर्वार्धाची अंमलबजावणी फार चोख झाली. 2008 मध्ये ऊर्जा मंत्रालयाने जुन्या विहिरींसाठी नियम केला. 1970 च्या आधी खोदलेली, कधीकाळी उत्पादन दिलेली आणि आता कंत्राटदार कंपनी वापरत नसलेली विहीर ती ‘जुनी विहीर’. ती गावच्या सहकारी संस्थेने किंवा जिल्ह्याच्या मालकीच्या कंपनीने चालवावी आणि तेल सरकारी तेल कंपनी पर्टामिनाच्या हवाली करावं. मेख पुढे आहे. तेल मुळात राज्याचंच, म्हणून या नियमाखाली गावकऱ्याला तेलाची किंमत मिळत नव्हती, तेल वर काढून पोचवल्याचा मोबदला मिळत होता. म्हणजे विहीर साफ करण्याची जोखीम, इंजिनाचा खर्च, तार तुटली तर नुकसान हे सगळं मालकासारखं सोसायचं आणि हिशेबाला बसायचं ते हमालासारखं. भट्टीवाला जास्त पैसे देत असेल तर तेल रात्री त्याच्याकडे वळणारच. चोरीची ही सोय नियमानेच करून ठेवली होती.

यावर पहिला आक्षेप पर्यावरणाचा, आणि तो खरा आहे. खारं पाणी आणि तेलाचा गाळ ओढ्यांत जातो, झाडं करपतात, माती काळी पडते. सुरक्षेचं तर विचारूच नये. 2018 च्या एप्रिलमध्ये आचे प्रांतात रांतो पेउरेउलाक इथे अशाच एका विहिरीला आग लागून 20 हून अधिक माणसं मेली. मग हे बंदच का करू नये? कारण बंदीचा अनुभव गाठीशी आहे. बंदीने विहिरी थांबत नाहीत, त्या जंगलात आणखी आत सरकतात आणि अपघाताची खबर द्यायलाही माणूस कचरतो. खारं पाणी पुन्हा जमिनीत खोलवर सोडण्याचं तंत्र तेल उद्योगात नेहमीचं आहे, पण त्याला भांडवल लागतं, आणि उद्या हाकलला जाऊ शकणारा माणूस आज पाण्याच्या टाकीवर पैसा घालत नाही. ज्याचा हक्क कागदावर आहे त्याच्यावरच प्रदूषणाचा दंड बसवता येतो.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्र्यांचा: थेंबभर तेलासाठी एवढा खटाटोप कशाला? बान्यू उरिप भराच्या काळात दिवसाला दोन लाखांहून अधिक पिंप देत होतं, त्याच्यापुढे वोनोचोलो हिशेबातही येत नाही. हे मान्य. पण बान्यू उरिपचं तेल नळाने तुबानच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात उभ्या असलेल्या साठवण जहाजावर जातं. जिल्ह्याला त्यातून महसुलाचा वाटा मिळतो, रस्ते होतात, शाळा होतात, मात्र क्षेत्र बांधून झाल्यावर तिथे माणसं फारशी लागत नाहीत. 2004 च्या कायद्याने तेलातल्या सरकारी उत्पन्नाचा सुमारे 15 टक्के भाग प्रदेशाकडे वळवला आणि त्या 15 पैकी 6 टक्के उत्पादक जिल्ह्याला दिले. या पैशातून पुढच्या पिढ्यांसाठी कायमचा निधी उभारायची कल्पना जिल्हाप्रमुख सुयोतो यांच्या काळात मांडली गेली. ती चांगलीच होती. तरीही जिल्ह्याच्या तिजोरीतला पैसा गावात पोचायला कचेऱ्यांचे अनेक उंबरठे ओलांडावे लागतात, विहिरीवरची मजुरी त्याच संध्याकाळी घरात येते. शिवाय इंडोनेशिया आता तेलाचा निव्वळ निर्यातदार राहिलेला नाही, 2000 च्या दशकातच तो निव्वळ आयातदार झाला. अशा देशाने थेंबाला हिणवणं शोभत नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो: ‘गावाची विहीर’ ही अनेकदा गावाची नसतेच. विहीर उघडायला लागणारा पैसा बाहेरचा भांडवलदार घालतो, मोठा वाटा तोच नेतो, आणि तिकाटीखाली उभा असलेला माणूस रोजंदारीवरच राहतो. जुन्या विहिरींच्या नावाखाली नव्याही खोदल्या जातात. या चित्रावर सहकाराचा रंग चढवून ते सुंदर दाखवण्यात अर्थ नाही. पण बाहेरचा सावकार का शिरतो? कारण बँक मोबदल्याच्या अनिश्चित कागदावर कर्ज देत नाही. अधिकृत दार बंद राहिलं की खासगी पैसा मागच्या दाराने येतो, हे साखरेपासून मासेमारीपर्यंत सगळ्या धंद्यांत दिसतं.

दरम्यान गावाला एक सन्मान मिळाला. टेक्सासची आठवण करून देणारं ‘टेक्सास वोनोचोलो’ हे नाव देऊन विहिरींचं पर्यटनस्थळ झालं, आणि 2017 मध्ये बोजोनेगोरोच्या तेलभूमीला राष्ट्रीय भूवारशाचा दर्जा मिळाला. तिकाट्यांचे फोटो सुरेख येतात. मात्र चालू धंद्याला वारसा म्हणणं म्हणजे तो संपल्याचं सभ्यपणे सांगणं. त्यापेक्षा 2025 चा नवा मंत्रालयीन नियम मला कामाचा वाटतो. लोकांनी चालवलेल्या विहिरींची नोंद करायची, त्यांना जिल्हा कंपनी, सहकारी संस्था किंवा लहान उद्योगाच्या छत्राखाली आणायचं आणि नव्या खोदाईला मज्जाव करायचा, असा त्याचा रोख आहे. हा नियम नुसत्या नोंदवहीवर थांबला तर तो फसेल. पिंपामागचा दर कच्च्या तेलाच्या बाजारभावाशी बांधला, त्यातला ठरावीक भाग खाऱ्या पाण्याच्या विल्हेवाटीसाठी आधीच कापून ठेवला आणि सहकारी संस्थेच्या सभासदयादीत सावकाराऐवजी विहिरीवर राबणाऱ्याचं नाव घातलं, तरच वोनोचोलोतल्या भट्ट्या पोलिसांशिवाय विझतील.