मोत्याचं कॅलेंडर

तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी कुत्रा असेल. पिल्लू घरी आणताना सगळे हौशी असतात. पण तोच कुत्रा म्हातारा झाला, आजारी पडला, की?

उदगीरजवळ आमची शाळा आहे. चौथीतला एक मुलगा दोन दिवस गप्प गप्प होता. विचारलं तर रडायलाच लागला. "बाई, आमचा मोत्या काहीच खाईना गेलाय. शेजारचे म्हणतेत, रानात सोडून या."

मोत्या तेरा वर्षांचा. कुत्र्याच्या मानानं म्हणजे आजोबाच! मुलाच्या वडिलांनी त्याला उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. १९८७ साली सुरू झालेलं हे महाविद्यालय आपल्या भागाचा मोठा आधार आहे. तपासून डॉक्टर म्हणाले, "दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आलीत. बरा होणार नाही, पण त्याचा त्रास कमी करता येईल."

मग घरातले सगळे कामाला लागले. जाड गोधडी अंथरली. एकाच अंगावर पडून जखमा होतात, म्हणून दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची. पाणी चमच्यानं, तोंडाच्या कडेनं, थोडं थोडं द्यायचं. मान वर करून ओतायचं नाही, नाहीतर ठसका लागतो. अंग ओल्या फडक्यानं पुसायचं. आणि हो, आपल्या डोकेदुखीच्या, तापाच्या गोळ्या कुत्र्याला कधीच द्यायच्या नाहीत. त्या त्याला विषासारख्या ठरू शकतात.

कुत्रा दुखणं बोलून दाखवत नाही. कोपऱ्यात लपणं, निवांत पडूनही धापा टाकणं, रात्रभर अस्वस्थ असणं, ही त्याची भाषा. म्हणून मी त्या मुलाला सांगितलं, "कॅलेंडरवर रोज खूण कर. मोत्या खाल्ला, शेपटी हलवली तर गोल. नाहीतर फुली."

आठवड्यानं पाहिलं तर सगळे गोलच! वडील मात्र म्हणाले, "चार दिवस झाले, तो उठलेलासुद्धा नाही." मुलानं मान खाली घातली. "बाई, फुली मारली तर डॉक्टर इंजेक्शन देतील ना?"

काय बोलावं ते मला सुचेना. थोड्या वेळानं म्हटलं, "बाळा, हे कॅलेंडर तुझं आहे की मोत्याचं?"

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच पाच फुल्या मारल्या.

डॉक्टर घरी आले. त्यांनी त्याला सगळं नीट समजावलं. भुलीच्या औषधाचा मोठा डोस शिरेतून देतात. आधी गाढ झोप लागते, मग हृदय थांबतं. त्रास होतो तो सुई टोचण्यापुरताच. मोत्याचं डोकं शेवटपर्यंत त्या मुलाच्या मांडीवर होतं. बांधावरच्या लिंबाखाली त्याला पुरलं.

"कुत्र्यापायी एवढं?" असं काही जण म्हणालेच. त्यांना मी जंजीरची गोष्ट सांगितली. मुंबई पोलिसांचा हा लॅब्रेडॉर कुत्रा. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात त्यानं ३,३२९ किलो आरडीएक्स हुंगून शोधलं. किती माणसं वाचली असतील! पुढं त्याला हाडांचा कर्करोग झाला. त्याच्यावर परळच्या जनावरांच्या दवाखान्यात उपचार झाले. नोव्हेंबर २००० मध्ये तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. मोत्यानं तेरा वर्षं एक घर राखलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे मळणाऱ्या, लाल कंधारी आणि देवणी जपणाऱ्या नांदेड-लातूरकरांना हे वेगळं काय सांगायचं?

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. कुत्रा अचानक विचित्र वागू लागला, लाळ गळू लागली, गिळता येईना, तर जवळ जाऊ नका. तो रेबीज असू शकतो. लगेच मोठ्यांना सांगा. कुत्रा चावला किंवा ओरखडला, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्या.

तो मुलगा आता पाचवीत आहे. परवा म्हणाला, "बाई, ते कॅलेंडर मी जपून ठेवलंय. फुल्यांसकट."