हिरवळ, इंजिन आणि मालकाची फजिती

हिरवळ कापण्याच्या यंत्राचा जन्म इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात, स्ट्राउड गावाजवळ झाला. लोकरीच्या कापडावरचे तंतू एकसारखे छाटणारे गिरणीतील यंत्र पाहून एडविन बडिंग याने तीच रचना गवतासाठी योजली आणि १८३० मध्ये तिचे पेटंट घेतले. शेजाऱ्यांनी हसू नये म्हणून त्याने यंत्राच्या चाचण्या रात्रीच्या अंधारात घेतल्या, अशी आख्यायिका सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, या यंत्राच्या मालकांच्या फजितीचे किस्से पुढे ज्या देशांत हिरवळ राखली गेली तेथे आवडीने सांगितले गेले. हे किस्से हसून सोडून देण्याजोगे नाहीत, कारण त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी यंत्राच्या पोटात चालणारी, बाहेरून न दिसणारी एखादी क्रिया असते.

सर्वांत नेत्रदीपक फजिती धुराची होय. पात्याखाली चिकटलेले ओले गवत खरवडण्यासाठी मालक यंत्र एका कुशीवर आडवे करतो, काम नीट पार पाडतो, आणि नंतर दोरी ओढताच अंगण निळसर पांढऱ्या धुराने असे भरून जाते की आग लागली असे समजून आजूबाजूचे लोक धावत येतात. वास्तविक आग कोठेच लागलेली नसते. चार-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल तळाच्या कोठीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, साठवलेले असते आणि त्या कोठीतील हवा एका नळीवाटे एअर फिल्टरच्या बाजूला सोडलेली असते. यंत्र चुकीच्या कुशीवर कलंडले की तेल त्या वाटेने फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये उतरते व इंजिन सुरू होताच जळू लागते. तेल जास्त उतरले तर दोरी ओढलीच जात नाही, कारण द्रव पदार्थ हवेसारखा दाबला जात नसल्यामुळे दट्ट्या अडून राहतो. अशा वेळी स्पार्क प्लग काढून दोरी हलकेच काही वेळा ओढावी, म्हणजे तेल बाहेर पडते; आणि पुढच्या वेळी यंत्र आडवे करताना एअर फिल्टर व कार्ब्युरेटरची बाजू वर ठेवावी.

याच्या उलट स्वभावाचे इंजिन खांद्याला अडकवून चालवायच्या ग्रासकटरमध्ये असते. कोकणातील आंबा-काजूच्या बागांत पावसाळ्यानंतरचे रान साफ करण्यासाठी हे यंत्र आता घरोघरी दिसते. त्यातील पुष्कळ यंत्रे दोन-स्ट्रोक असतात, म्हणजे त्यांत तेलाची वेगळी कोठी नसते आणि वंगण पेट्रोलमध्येच ठरावीक प्रमाणात, उत्पादकाने सांगितल्यानुसार पन्नासास एक किंवा पंचवीसास एक असे, मिसळावे लागते. मोटारसायकलीच्या टाकीतले पेट्रोल बाटलीत काढून तसेच ओतणाऱ्याचे यंत्र सुरुवातीस झोकात चालते आणि थोड्याच वेळात सीझ होते, कारण कोरडा दट्ट्या तापून सिलिंडरच्या भिंतीला धरतो. येथे हसण्याचा भाग संपतो व दुरुस्तीचा खर्च सुरू होतो. तेल मिसळलेल्या डब्यावर ठळक अक्षरांत तसे लिहून ठेवणे हा उपाय इतका साधा आहे की तो न करणाऱ्यांची संख्या पाहून खरोखर वाईट वाटते.

ग्रासकटरच्या नायलॉन दोरीची कल्पनाही अशीच भलतीकडून आलेली आहे. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील जॉर्ज बॅलस याला मोटारी धुण्याच्या केंद्रातील फिरते ब्रश पाहून ती सुचली, आणि १९७१ मध्ये त्याने भोके पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात मासेमारीची दोरी ओवून पहिला नमुना तयार केला. ही दोरी रिळावर उलट्या दिशेने गुंडाळली गेली तर ती नीट सुटत नाही आणि मालक गवतात उभा राहून पुनःपुन्हा रीळ उघडत बसतो. पण त्याहून गंभीर चूक म्हणजे कोवळ्या कलमाच्या बुंध्याला लागून दोरी फिरवणे, कारण साल सभोवार सोलली गेली की पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही व झाड हळूहळू वाळते.

काही फजित्या तर सुरक्षेसाठी मुद्दाम केलेल्या रचनेतूनच उद्भवतात. अमेरिकेत १९८२ पासून लागू झालेल्या नियमानुसार, चालत ढकलायच्या यंत्राची मूठ सोडल्यावर पाते तीन सेकंदांच्या आत थांबले पाहिजे, म्हणून मुठीला लागून एक आडवी कांब बसवलेली असते. अनेक यंत्रांत ती दाबून धरली नाही तर प्लगला ठिणगीच मिळत नाही, आणि हे ठाऊक नसलेला नवा मालक घामाघूम होईपर्यंत दोरी ओढत राहतो. कंटाळून ती कांब सुतळीने कायमची बांधून टाकणे मात्र कोणत्याही परिस्थितीत क्षम्य नाही.

विजेच्या यंत्राने स्वतःचीच वायर कापणे हीदेखील जुनी फजिती आहे. म्हणून अशा वायरी गवतात उठून दिसणाऱ्या नारिंगी रंगाच्या करतात, आणि गळती ३० मिलिअँपिअरवर जाताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी हा स्विच जोडणीवर असणे अत्यावश्यक मानतात. स्वयंचलित यंत्रांत फजितीने केवळ जागा बदलली: त्यांना हद्द दाखवण्यासाठी जमिनीत पुरलेली तार मालक स्वतःच फुलझाड लावताना कुदळीने तोडतो आणि यंत्र जागच्या जागी थांबते. उपग्रहाच्या साहाय्याने दिशा ठरवणाऱ्या नव्या यंत्रांना ही तार लागत नाही, पण दाट झाडाखाली किंवा उंच भिंतीलगत संदेश क्षीण झाला की तीही तशीच खोळंबून उभी राहतात.