चांदीचा जमाखर्च

देव्हाऱ्यातील निरांजने चार महिने घासली नाहीत तर काळवंडतात, हे आपल्या घरांतील बायका पिढ्यान्‌पिढ्या पाहत आल्या आहेत. हवेतील गंधकाचा अंश चांदीशी संयोग पावतो आणि तिच्यावर काळी पुटे चढतात. अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना राज्यात, डरहॅम येथील ड्यूक विद्यापीठात, याच काळेपणाचा पाठपुरावा एका संशोधनकेंद्राने ज्या निष्ठेने केला, तिला तोड नाही. तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान व पर्यावरण संरक्षण खाते यांच्या अनुदानावर 2008 साली हे केंद्र मार्क विझनर यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले. 

या केंद्राचा विषय होता नॅनोमीटरांत मोजले जाणारे कण. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दशलक्षांश. एक सेंटीमीटर बाजूचा चांदीचा घन घेतला तर त्याचा पृष्ठभाग अवघा 6 चौरस सेंटीमीटर भरतो. त्याच घनाचे दहा-दहा नॅनोमीटरचे तुकडे केल्यास तो 600 चौरस मीटर होतो. चांदी तेवढीच, परंतु सभोवतीच्या सृष्टीशी तिचा संबंध येण्याची जागा दशलक्षपट. तिच्या जंतुनाशक गुणामुळे ती पायमोज्यांतदेखील विणली जाऊ लागली, आणि मोजे धुतले की तिचा काही भाग पाण्याबरोबर वाहून जातो, हे ॲरिझोना राज्य विद्यापीठातील संशोधकांनी 2008 सालीच दाखवून दिले होते.

गेलेल्या त्या चांदीचे पुढे होते काय? प्रयोगशाळेतील चंचुपात्र याचे उत्तर देऊ शकत नाही. कारण त्यात चिखल नसतो, शेवाळ नसते, पावसाची सर नसते. म्हणून ड्यूकच्या संशोधकांनी विद्यापीठाच्या अरण्यात, उघड्या आकाशाखाली, सुमारे 12 फूट लांब व 4 फूट रुंद अशा 30 लाकडी पेट्या मांडल्या, आणि प्रत्येकीत तळ उतरता ठेवून एक लहानशी पाणथळ जमीन वसविली: एका टोकाला कोरडी माती, मधे कधी बुडणारा तर कधी उघडा पडणारा काठ, दुसऱ्या टोकाला वनस्पती आणि गंबुसिया माशांसह पाणी. हे मासे आपल्याकडेही हिवतापाच्या बंदोबस्तासाठी विहिरींत सोडतात. मग काही पेट्यांत चांदी पाण्यात घातली, काहींत मातीवर, आणि दीड वर्ष उलटल्यावर, सावकाराने खतावणी उघडावी तसा, तिच्या कणाकणाचा हिशेब मांडला.

सुमारे 70 टक्के चांदी माती व गाळात सापडली. मातीतील निम्म्याहून किंचित अधिक चांदी गंधकाशी मिळून काळी झाली होती, म्हणजे आपल्या निरांजनावरचेच पुट. आणि ते इतके दुर्विद्राव्य असते की बला टळली असे कोणालाही वाटावे. या संशोधकांनी मात्र तेथे दप्तर बंद केले नाही, याबद्दल मला त्यांचा विशेष आदर वाटतो. त्यांनी मासे तपासले, आणि डासांसारखे दिसणारे कायरोनोमिड किडेही तपासले. पाण्यात चांदी दर ग्रॅममागे 0.002 मायक्रोग्रॅमहून कमी उरली असता या जीवांच्या देहांत ती दर ग्रॅमला 0.5 ते 3.3 मायक्रोग्रॅम भरली. मातीत टाकलेल्या चांदीपैकी सुमारे 3 टक्के झाडांनी उचलली होती. नुसत्या पाण्याचा नमुना बाटलीत भरून तपासणीस धाडला असता, तर त्या पेट्या निर्धोक असल्याचा दाखला बिनदिक्कत मिळाला असता.