बाबांच्याच पैशाने बाबांना गिफ्ट? यंदा हाताने बनवा!

घरातल्या पुरुषांना गिफ्ट काय द्यायचं, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कुणाला पडत नाही. उत्तर आधीच ठरलेलं असतं : टॉवेल-टोपी. लग्न असो, वास्तुशांती असो की बारसं. आईला साडी अन् बाबांना टॉवेल-टोपी. त्यातली टोपी कपाटात जाते आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच कुणाच्या तरी डोक्यावर बसते. बाकी सणांत तर बाबा, काका, दादा ही मंडळी कायम देणाऱ्याच्याच बाजूला. भाऊबीजेची ओवाळणी त्यांनी टाकायची, पाडव्याची भेट त्यांनी आणायची. ‘तुम्हाला काय हवंय?’ असं कधी विचारून बघा. ‘मला कशाला? तुलाच घे काहीतरी,’ एवढंच ऐकायला मिळेल.

आता नाताळ तोंडावर आलाय. वर्गात, होस्टेलवर ‘सिक्रेट सांता’च्या चिठ्ठ्या निघाल्या असतील. मोबाईल उघडला की ‘गिफ्ट्स फॉर हिम’चा मारा सुरूच आहे. पाकीट, बेल्ट, परफ्युम, ‘बेस्ट डॅड’ लिहिलेला मग. सगळ्यांच्या बाबांना एकच मग! पण खरी गोम वेगळीच आहे. आपल्यापैकी बहुतेकांचा पॉकेटमनी येतो कुठून? बाबांच्या खिशातून. म्हणजे बाबांचे पाचशे रुपये घ्यायचे, त्यातले तीनशे एखाद्या कंपनीला द्यायचे आणि वस्तू परत बाबांच्याच हातात ठेवायची. याला गिफ्ट म्हणायचं की कुरिअर?

कॉलेजच्या वयात आपल्याकडे अगदी स्वतःच्या अशा दोनच गोष्टी असतात : वेळ आणि हात. त्यातून जे बनेल, तेच खऱ्या अर्थाने आपण दिलेलं.

जालन्याचा नाताळ

नाताळ हा शब्दच पोर्तुगीज ‘नाताल’वरून आलाय, आणि आपल्या जिल्ह्यालाही हा सण नवा नाही. निजामाच्या राज्यात जालन्याला लष्करी छावणी होती, तेव्हापासून इथे चर्च आहे. मुंबईत १८४३मध्ये ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री पुढे जालन्यात काम करायला आले आणि त्यांनी शहराजवळ बेथेल नावाचं गावच वसवलं. इथल्या मराठी ख्रिस्ती घरात नाताळला केक असतो, तसा फराळही असतो. करंज्या, चकल्या, शंकरपाळे घरी करायचे आणि डबे भरून शेजारीपाजारी पोचवायचे. त्यामुळे घरी बनवून देणं ही काही परदेशातून आलेली ‘डीआयवाय’ची फॅशन नाही. ती आपल्या गल्लीतलीच रीत आहे.

आणि ज्याच्या जन्माचा हा सण, तो वाढला एका सुताराच्या घरात. हाताने वस्तू घडवणाऱ्या माणसाच्या घरात.

आधी माणूस बघा

ओ. हेन्री या अमेरिकन लेखकाची ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’ ही १९०५ सालची कथा अनेकांनी ऐकली असेल. डेलाकडे नवऱ्याच्या गिफ्टसाठी फक्त १ डॉलर ८७ सेंट असतात. मग ती आपले लांबसडक केस विकून त्याच्या घड्याळासाठी साखळी आणते. तिकडे नवऱ्याने तेच घड्याळ विकून तिच्या केसांसाठी कंगवे आणलेले असतात. दोन्ही भेटी निकामी, तरी कथा शंभर वर्षं टिकली. कारण दोघांनी एकमेकांकडे नीट बघितलं होतं. त्याला घड्याळ किती प्रिय आहे, हे तिला माहीत होतं.

आपल्यालाही सुरुवात इथूनच करायचीय. पुरुष मंडळी तोंडाने काही मागत नाहीत, पण त्यांच्या वस्तू बोलतात. गाडीच्या डिकीत प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेले पाने, भेगाळलेल्या टाचा, चष्मा वर करून मोबाईलमध्ये नंबर शोधणारे आबा. दोन दिवस गुपचूप लक्ष ठेवा, यादी आपोआप तयार होईल. मग खालचं काय जमतंय ते बघा.

रात्री दारं धरणाऱ्यांसाठी मफलर

डिसेंबर म्हणजे रब्बी. गहू, हरभरा पाण्यावर आणि शेतीची लाईट बरेचदा रात्रीची. कडाक्याच्या थंडीत दारं धरायला जाणाऱ्या बाबांना किंवा काकांना ऊबदार मफलरसारखी दुसरी भेट नाही.

घरातली जुनी शाल किंवा मऊ ब्लँकेट घ्या आणि अस्तराला आईची जुनी सुती साडी. दोन्हीचे साधारण १५५ सेंमी लांब, २८ सेंमी रुंद तुकडे कापा. सुलट बाजू आत ठेवून कडेने शिवा. एका टोकाला हात जाईल एवढी जागा सोडा. तिथून उलटवून तोंड बंद करा. मग वाकळीला घालतो तसा उभा धावदोरा घाला. शिलाई वाकडी आली तरी चालेल, वाकळ कधी सरळ रेषेत असते का? आजीला सोबत बसवलंत तर दोरा कसा ओढायचा तेही फुकटात शिकाल.

एक मात्र लक्षात ठेवा. बाबा सळईच्या कारखान्यात पाळीवर असतील किंवा मळणीयंत्राजवळ काम करत असतील, तर मफलर नको. लोंबणारं टोक फिरत्या यंत्रात अडकू शकतं. त्यांच्यासाठी त्याच कापडाची घट्ट कानटोपी शिवा.

जुन्या जीन्समधून पान्यांची गुंडाळी

मेकॅनिक मामा, ट्रॅक्टर चालवणारा दादा, किंवा बुलेटवर जीव टाकणारा रूममेट. या तिघांसाठीही हे गिफ्ट भारी. जुन्या जीन्सचा एक पाय उसवून ६० सेंमी लांब, ४० सेंमी रुंद तुकडा काढा आणि कडा दुमडून शिवून घ्या. तुकडा आडवा ठेवून खालची बाजू १४ सेंमी वर दुमडा आणि दोन्ही टोकं शिवा. आता या लांबलचक खिशावर दर ४-५ सेंमीवर उभी शिलाई मारा. पक्कडीसाठी एक कप्पा जरा रुंद ठेवा. एका टोकाला नाडी लावा. पाने, स्क्रू ड्रायव्हर कप्प्यांत घालायचे, वरची कड त्यांच्यावर दुमडायची, गुंडाळी करायची आणि नाडी बांधायची. झालं!

मशीनला १६ नंबरची सुई लावा, नाहीतर जीन्सच्या जाड शिवणीवर सुई मोडेल. प्रत्येक शिलाई दोनदा मारा. जीन्सचा मागचा खिसा तसाच ठेवलात, तर त्यात नट-बोल्ट राहतात.

भेगाळलेल्या टाचांसाठी मलम

‘क्रीम लाव’ म्हटलं की बाबा हसतात. तेच घरचा मलम म्हटलं की लावतात. अनुभवा! मधमाशीचं मेण २५ ग्रॅम आणि तिळाचं किंवा खोबरेल तेल १०० मिली घ्या. गॅसवर पाण्याचं पातेलं ठेवून त्यात दुसरं छोटं भांडं ठेवा आणि त्यात दोन्ही वितळवा. मेण थेट आचेवर ठेवू नका, ते पेट घेऊ शकतं. नीट मिसळलं की स्वच्छ, कोरड्या डबीत ओता आणि थंड होऊ द्या. फार घट्ट झालं तर पुन्हा वितळवून चमचाभर तेल वाढवा. कोकणातलं कुणी ओळखीचं असेल तर थोडं कोकमतेल मागवा. तिकडे थंडीत टाचांना तेच लावतात.

रात्री पाय धुऊन, पुसून लावायचं आणि वर मोजे घालायचे. डबीसोबत जुने पण धुतलेले मोजेही द्या. आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून खाज येत नाही ना, हे बघायला सांगा. जखम खोल असेल, रक्त येत असेल किंवा त्यांना शुगर असेल, तर मलमावर न थांबता डॉक्टरला दाखवा.

मोसंबीची साल, फेकू नका!

जालना म्हणजे मोसंबी. इथल्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळालंय. रस आपण पितो अन् साल टाकतो. तिच्यापासून नाताळची मस्त मिठाई होते. चार मोसंब्यांची साल काढून बोटाएवढ्या पट्ट्या कापा. भरपूर पाण्यात दहा मिनिटं उकळा आणि पाणी फेका. असं तीन वेळा करा, म्हणजे कडूपणा जातो. मग एक वाटी सालीला एक वाटी साखर आणि अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर शिजवा. साल काचेसारखी दिसू लागली की काढून जाळीवर दिवस-दोन दिवस सावलीत वाळवा. वरून पिठीसाखर भुरभुरवा, किंवा अर्धी पट्टी वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवा. ‘सिक्रेट सांता’च्या शंभर-दोनशेच्या बजेटमध्ये आरामात बसतं.

ज्याला गोड चालत नाही, त्याच्यासाठी जवसाची चटणी. पुण्यात पीजीवर राहून मेसची पातळ भाजी खाणाऱ्या दादाला तर ती केकपेक्षा जास्त आवडेल. एक वाटी जवस तडतडेपर्यंत भाजा. आठ-दहा सुक्या मिरच्या, चमचाभर जिरं आणि मीठ घालून जाडसर वाटा. लसूण टाळलात तर जास्त दिवस टिकते. बरणीवर बनवल्याची तारीख लिहा आणि पुण्याला जाणाऱ्या कुणाकडे तरी देऊन टाका.

आबांसाठी मोठ्या अक्षरांची डायरी

आबांचा साधा बटणांचा फोन, त्यात नंबर सापडत नाही आणि प्रत्येक वेळी ‘बाळा, जरा लावून दे’ म्हणावं लागतं. ते म्हणायलाही त्यांना संकोच वाटतो. एक दोनशे पानी वही घ्या. जाड काळ्या पेनने एका पानावर दोनच नंबर लिहा, आकडे बोटाच्या पेराएवढे. मुलगी, जावई, डॉक्टर, दूधवाला, कीर्तनातले सोबती. वाचता येत नसेल तर नावाच्या जागी फोटो चिकटवा. मागच्या पानांवर त्यांच्या गोळ्या कोणत्या आणि कधी घ्यायच्या, ते लिहा. शेवटची दहा पानं कोरी ठेवा आणि संध्याकाळी शेजारी बसून विचारा, ‘आबा, तुमच्या लहानपणी जालना कसं होतं?’ जे सांगतील ते तिथे लिहीत जा. ‘जालना सोने का पालना’ का म्हणायचे, ते तुम्हाला गुगलपेक्षा त्यांच्याकडून छान कळेल.

शिवता येत नाही? मग कूपन

‘आपल्याला सुई-दोरा जमत नाही बुवा,’ असं म्हणणाऱ्या मित्रांनो, सुटका नाही! पुठ्ठ्याची पाच कार्डं कापा आणि प्रत्येकावर एक काम लिहा. ‘एक रात्र दारं मी धरीन, तुम्ही झोपा.’ ‘एक रविवार दुकानात मी बसेन.’ ‘गाडी धुऊन, चेन ऑईल करून मिळेल.’ ‘एक संध्याकाळ मोबाईल बाजूला ठेवून तुमच्यासोबत चहा.’ पाचवं कार्ड कोरं ठेवा. काय लिहायचं ते त्यांना ठरवू द्या.

या गिफ्टला खर्च शून्य, पण हेच सगळ्यात महाग आहे. कारण कूपन वटवायला आले की ‘आज नको, उद्या’ म्हणायचं नाही. रात्रीचं कूपन वटवणार असाल तर बॅटरी आणि बूट घ्या आणि ओल्या हाताने स्टार्टरला हात लावू नका. दारं धरणं किती अवघड असतं, तेही एका रात्रीत कळेल.

देताना एवढं सांभाळा

आपल्याकडच्या पुरुषांना घेण्याची सवय नाही, त्यामुळे ते गोंधळतात. चार लोकांसमोर ‘उघडा ना, उघडा ना’ करत मोबाईलचा कॅमेरा त्यांच्या तोंडासमोर धरू नका. रील नंतरही होईल. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळा, सुतळी बांधा आणि ते एकटे असताना हातात द्या. सोबत चार ओळींची चिठ्ठी लिहा. ‘आय लव्ह यू पप्पा’ म्हणायला जीभ अडखळत असेल तर नका म्हणू. ‘तुमचे पाने पिशवीत असतात ते बघितलं होतं, म्हणून हे शिवलं,’ एवढं लिहिलं तरी अर्थ पोचतो.

पंचवीस तारीख जवळ आहे. कापडाचं काम आठवडाभर आधी सुरू करा, मिठाई-चटणी दोन-तीन दिवस आधी, आणि कूपन तर आदल्या रात्रीही होतात. ख्रिस्ती मित्राच्या घरी फराळाला जाणार असाल तर त्याच्या बाबांसाठीही एक डबी न्या.

गिफ्ट हातात पडलं की बाबा पहिला प्रश्न ठरलेला विचारतील, ‘कशाला पैसे घालवले?’ या वर्षी त्याचं उत्तर देताना मान खाली घालावी लागणार नाही.