रेसिपी सगळ्यांची, रील तुमचं

समजा, रात्रीच्या उरलेल्या पोळ्यांची तुम्ही फोडणीची पोळी केलीत आणि रील टाकलं. आठवड्याभरात तेच रील दुसऱ्याच पेजवर, खाली ‘क्रेडिट ओनरला’. व्ह्यूज त्यांचे, जाहिरातीचे पैसेही त्यांचे. आता सांगा, तुमचं नेमकं काय गेलं?

फोडणीची पोळी नाही गेली. पोळ्या कुस्करायच्या, कांदा-मिरचीची फोडणी द्यायची, ही कृती कोणाच्याच मालकीची नाही. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा कल्पनेला नाही, तर ती मांडलीये कशी, त्याला संरक्षण देतो. म्हणून कमलाबाई ओगल्यांचं १९७० चं ‘रुचिरा’ बघून केलेला पदार्थ बिनधास्त विका. पण त्यातली पानंच्या पानं टाइप करून ऑनलाइन टाकायची तर परवानगी हवी.

तुमचे शब्द, तुम्ही काढलेला फोटो, व्हिडिओ मात्र तुमचे. त्यासाठी नोंदणी लागत नाही. बनवलं की हक्क आला. आणि नाव देणं म्हणजे परवानगी घेणं नव्हे!

मग करायचं काय? मूळ फाइल जपून ठेवा. चोरलेल्या रीलची लिंक आणि स्क्रीनशॉट घ्या. ॲपमधला कॉपीराइटचा फॉर्म भरा, पैसे पडत नाहीत. यूट्यूबवर तर तीन स्ट्राइक झाले की चॅनेल जाऊ शकतं.

म्हणूनच खोटी तक्रार नको. कोणी तीच पोळी स्वतःच्या कढईत करून स्वतः शूट केली, तर ते रील त्याचं. खाऊ द्या की त्यालाही!