यंत्र आणि हात (लेखांक ७) : किल्ली कोणाच्या खिशात?

मागच्या आठवड्यात चालू बँडसॉसमोर उभ्या असलेल्या माणसाबद्दल लिहिलं होतं. आज मशीन बंद आहे. पट्टीची धार गेली म्हणून मिस्त्री ती उतरवायच्या तयारीत आहे आणि हेल्पर खालच्या खड्ड्यात उतरून चाकाभोवती साचलेला भुसा ओढतो आहे. ओंडका चिरण्यापेक्षा हे काम सगळ्यांना हलकं वाटतं. मला ते जास्त धोक्याचं वाटतं, कारण जाळ्या-झाकणं काढलेली असतात आणि हात थेट आत गेलेला असतो.

मशीन बंद झालं म्हणजे नेमकं काय झालं? लाल बटण दाबलं, मोटारीचा करंट तुटला, एवढंच. बँडसॉची चाकं बिडाची, जड. मोटार थांबल्यावरही ती बराच वेळ फिरत राहतात, आणि त्यांच्यासोबत पट्टीही. आवाज मात्र आधीच उतरलेला असतो, आणि माणूस कानावर विश्वास ठेवतो. शिवाय वरचं चाक उचलून पट्टी ताणलेली असते. तो ताण न उतरवता पट्टी सोडवायला गेलं तर ती उसळते, मग वीज असो वा नसो.

आपल्याकडे लाइट गेली की मिलमध्ये साफसफाई सुरू होते. चांगल्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. वीज जाताच स्टार्टर सुटतो आणि ती परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटार उठत नाही. पण बटण टिकत नाही म्हणून कोणी त्यात काडी खोचून ठेवली असेल तर? किंवा विहिरीवरच्या मोटारीला लावतात तसा ‘ऑटो’ बसवला असेल तर? विहिरीवर हा ऑटो शेतकऱ्याची रात्रीची फेरी वाचवतो. मिलमध्ये तोच ऑटो खड्ड्यातल्या माणसाला न विचारता चाक फिरवतो.

यावरचा उपाय अगदी साधा आहे. अमेरिकेत त्यासाठी १९८९ साली स्वतंत्र नियम झाला. मेन स्विच पाडायचा, त्याला कुलूप घालायचं आणि किल्ली ज्याचा हात मशीनमध्ये जाणार त्याच्याच खिशात. मालकाच्या गल्ल्यात नाही, मुकादमाच्या कमरेला नाही. दोघं काम करणार असतील तर दोन कुलपं. बाहेरून वायरमन आला तर तिसरं त्याचं. अशी दोन-चार कुलपं एकत्र अडकवायला भोकांची कडी मिळते. फ्यूज काढून खिशात टाकायची आपल्या वायरमनची जुनी सवय याच जातीची, आणि ‘काम चालू आहे’ या पाटीपेक्षा कितीतरी बरी. फक्त फ्यूज दुसराही बसवता येतो.

कुलूप लावल्यावर हिरवं बटण दाबून बघायचं. ही पायरी हमखास गाळली जाते. जुन्या मिलमध्ये वायरिंग वर्षानुवर्षं वाढत गेलेलं असतं, स्विचवरची नावं पुसलेली असतात. रंध्याचा स्विच पाडला आणि बँडसॉ जिवंतच राहिला, असं सहज होतं. बटण दाबूनही मशीन गप्प राहिलं की चाकं डोळ्यांना थांबलेली दिसेपर्यंत थांबायचं, त्यांना लाकडी पाचर लावायची, ताण उतरवायचा. जाड चामडी हातमोजे घालायचे ते इथे, थांबलेल्या पट्टीला हात लावताना. चालत्या पट्टीजवळ तेच मोजे हात आत ओढून नेतात.

कायद्याला हे नवं नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २२ ने चालत्या यंत्राची तपासणी करावीच लागली तर ती खास प्रशिक्षित माणसानेच, अंगाबरोबर बसणारे कपडे घालून करावी, असं सांगितलं. ते कपडे मालकाने पुरवायचे. पण विजेवर चालणाऱ्या कारखान्याला मुळात दहा कामगारांची अट होती, महाराष्ट्राने ती वीसवर नेली. पाच-सात माणसांची मिल त्यात बसतच नाही. तिचा परवाना वनखात्याचा, आणि वनखातं लाकडाचा हिशेब बघतं, बोटांचा नाही.

मालकांचा आक्षेप असतो की पट्टी दिवसातून दोन-चारदा बदलावी लागते, दर वेळी कुलूप कसं लावणार? पट्टी चढवून तिचा ताण जुळवायला जो वेळ जातो, त्यापुढे कुलपाचा वेळ काहीच नाही. खरी अडचण वेगळी आहे : किल्ली खिशात ठेवून माणूस घरी गेला तर? त्याला फोन करून बोलवायचं. तो आवाराबाहेर आहे अशी खात्री झालीच, तर मालकाने स्वतः खड्ड्यात आणि चाकांमागे बघावं, मगच कुलूप कापावं. आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी कामाला हात लावण्याआधी त्याला सांगावं की तुझं कुलूप आता नाही.

(पुढच्या आठवड्यात : भुशाची आग)